निरंक

कचेरीच्या भिंतीला लागून माझं टेबल,
एक पाय आखूड, खाली विटेचा तुकडा.
वारस नोंद, रेशनकार्ड, हरवलेला दाखला,
लोक बोलतात, मी टाइप करतो.
चाळीस रुपये पान, कार्बनसकट.

नाईक केरबा बंडू खरात
वडूजच्या पहिल्या एसटीनं साताऱ्यात उतरले,
डावा पाय उजव्याच्या थोडा मागून आला.
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक,
आणि तिच्यात डिस्चार्ज बुक. रकाना, पदके.
तिथं इंग्रजीत तीनच अक्षरं.
मी माझ्या सवयीनं वाचलं, निरंक.

"म्हंजे?"
म्हटलं, काही नाही.
"काय न्हाई म्हंजे?"
म्हटलं, काका, निरंक म्हणजेच काही नाही.
ते भिंतीवरच्या पिंकेकडं बघत राहिले,
जसा कुणी नकाशा बघतो.

मग तपकिरीच्या डबीतून टेबलावर तीन निघाली.
एक तारा, दोन गोल. फिती कधीच्या विरल्या.
घरी यायला सात वर्षं लागली होती त्यांना,
रिटायर झाल्यावर, पार्सलनं.
पोस्टमननं सही घेतली,
नोंद कुणीच घेतली नाही.

सागरहून हे तिसरं पत्र.
(सागर म्हणजे समुद्र नाही,
मध्य प्रदेशात गाव आहे, तिथं यांचं रेकॉर्ड.)
'पदकाच्या कडेवर कोरलेला क्रमांक व नाव
वाचून कळवावे.'

कड मी उन्हाकडं धरली. गुळगुळीत.
नदीतल्या गोट्यासारखी.

"आमची मंडळी," ते म्हणाले,
"दर चौदा एप्रिलच्या आदल्या रात्री घासायची.
तांब्या, परात, आन् ही.
आधी चिंच, मग राख.
म्हनायची, मिरवणुकीत काळी दिसली
तर लोक माझं नाव काढत्याल, तुमचं न्हाई."

मी विचारलं, तसं लिहू?
पत्नीने वेळोवेळी घासल्यामुळे अक्षरे झिजली?
"छ्या. तिला नगा घालू त्यात.
गुन्ह्यागत वाटंल. लिवा, काळाच्या ओघात."

काळाच्या ओघात, मी लिहिलं.
त्या ओघाच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या
आणि कोपरापर्यंत राख.

साक्षीदार?
"दौलू कांबळे हुता, तासगावकडचा.
एका खड्ड्यात हुतो. माझा पाय ऱ्हायला,
त्यो न्हाई ऱ्हायला."
जरा थांबून, कसलाच राग नसल्यासारखे,
"त्याचं समदं बराबर लिवलंय.
मेलेल्याची नोंद चुकत न्हाई त्यांची."

शेजारच्या स्टँपवाल्यानं मान वळवली,
बाबा, याचे मिळणार किती?
"आजवर तर एसटीचं भाडं जातंय."
तो हसला. तेही हसले, थोडं उशिरा.

आता क्रमांक, काका. पाठ असेलच.
"पाठ हाय. झोपेत इचारा.
पर त्यांनी वाचून सांगा म्हनलंय, न्हवं?"

त्यांनी डोळे मिटले.
अंगठ्याचं नख कडेवर टेकवलं
आणि हळूहळू पुढं सरकवत गेले,
जिथं काहीच नव्हतं तिथं
थांबत, अडखळत, परत मागं येत.

"चार... हितं सात.
मग परत सात. थांबा.
हां, दोन."

मी अंकामागं अंक मारत गेलो.
जीपचा हॉर्न, आतल्या शिपायाची हाक,
कशानंच त्यांचं नख हललं नाही.

कागद ओढून काढला, सही झाली,
कार्बनची प्रत तीन पिशव्यांच्या आत गेली.
चाळीस मोजून दिले.
वर दहाची एक नोट, पेपरवेटखाली.

हे कशाला, मी म्हटलं.

"तुमच्या मशीनचा सात अडकतोय.
दरबारी दोनदा मारावा लागला.
बघत हुतो मी."